जरासं जास्त

'किंचित', 'जरासे', 'पुष्कळ' ह्या क्रियाविशेषणांत जी लवचीक गोडी आहे ती आकड्यांत नाही, असे मी वर्गात मुलांना सांगत असतो. कवितेपुरते ते खरेही आहे. बाळंतिणीच्या खोलीत मात्र ह्या मंडळींना उंबऱ्याबाहेरच उभे करावे, अशा मताचा मी झालो आहे.

आमचे मूळ गाव कोंढा, भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातले. थोरल्या काकूला मी पाहिलेले नाही. पहाटे ती 'मोकळी झाली', मुलगा ठणठणीत रडला, आणि उन्हे वर यायच्या आत काकू गेली. आजी सांगे, "सुईण आधी म्हणाली, जरासं जास्त जाऊन राहिलं, थांबेल. मग म्हणाली, लगीत गेलं. बंडी जुंपली, तोवर सारं आटोपलं होतं." सुईणीला बोल लावण्यात अर्थ नाही, गावातली निम्मी पोरे तिच्याच हातांवर जन्मली होती. पण ज्या घरात धान कुडव-पायलीने मोजून घेत, त्या घरात बाळंतिणीच्या रक्ताला माप नव्हते. 'जरासं' आणि 'लगीत' ह्यांच्या मध्ये कुठेतरी काकूचा जीव होता.

ते माप मला सापडले बेळगावात. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग केला. तो २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. मूल जन्मल्यावर गर्भाशय आवळले जावे लागते. ते सैल राहिले की रक्त वाहते. ते आवळणारे नेहमीचे इंजेक्शन थंड जागी ठेवावे लागते, आणि खेड्यात शीतकपाट कोठले? म्हणून मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या देऊन पाहायचे ठरले. खेड्यांतल्या १६२० बायका निवडल्या; ८१२ जणींना खरे औषध, ८०८ जणींना हुबेहूब दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. देणाऱ्या होत्या गावोगावच्या नर्सबाई. बाळंतिणीखाली एक प्लास्टिकचे कापड पसरीत. त्याच्या टोकाला निमुळती पिशवी आणि पिशवीवर मापाच्या रेघा. पाचशे मिलिलिटरची रेघ गाठली की तो अतिरक्तस्राव. तेथे विशेषणाला जागाच नाही.

पोकळ गोळ्या घेतलेल्यांत शंभरी १२ जणींनी ती रेघ गाठली. औषध घेतलेल्यांत सहांहून थोड्या अधिक जणींनी. दर १८ बायकांमागे एकीचा अतिरक्तस्राव टळला. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने ह्या कामासाठी मिसोप्रोस्टॉलला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. मला राहून राहून त्या ८०८ जणी आठवतात. त्यांच्या वाट्याला औषध आले नाही. पण त्या नसत्या तर औषधाचा गुण कशाच्या तुलनेत ठरला असता? त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, ऋण मात्र आहे.

त्याच बेळगावच्या मंडळींनी आणखी एक गोष्ट तपासली. नजरेने केलेला अंदाज पिशवीतल्या मापाहून ३३ टक्क्यांनी कमी भरला. शिकलेल्या डोळ्यांची ही गत, तर कंदिलाच्या उजेडात आमच्या सुईणीने काय करावे? पुढे २०२३ साली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ८० रुग्णालयांतल्या अभ्यासाने दाखविले की, अशा पिशवीने रक्त मोजले आणि रेघ जवळ येताच सारे उपचार एकदम सुरू केले, तर गंभीर रक्तस्राव आणि त्याचे घातक परिणाम ६० टक्क्यांनी घटतात.

ह्या दिवाळीला तुमच्या घरीही एखादी पहिलटकरीण माहेरी आली असेल. डिंकाच्या लाडवांची तयारी चालू असेल, नावांची यादीही झाली असेल. त्या गडबडीत डॉक्टरीणबाईंना एवढे जरूर विचारा: "बाळंतपणानंतर रक्त किती गेले, हे आपल्याकडे कसे मोजतात?" प्रश्न विचारताना संकोच वाटेल. पण उत्तर 'नजरेने' असे आले, तर दुसरा प्रश्नही विचारा.