बोटांवरची जकात

पन्नाशी उलटल्यावर सतार शिकावयास बसणें हा एक प्रकारचा उद्धटपणाच. त्याची शिक्षा मला डाव्या तर्जनीनें दिली. उजव्या तर्जनीला निदान नखीचें चिलखत असतें. डावीला पोलादी तार उघड्या कातडीनें दाबावी लागते, आणि मींड घ्यावयाची तर ती दाबलेली तार पडद्यावर आडवी ओढावी लागते. पंधरा दिवसांत बोट ठणकूं लागलें. मिरजेहून हौसेनें आणलेली सतार मीं कोपऱ्यांत उभी केली आणि सुटींत घाटघर गांठलें.

नाणेघाटाच्या माथ्यावर, जकातीचा म्हणून दाखवितात त्या दगडी रांजणापाशीं, म्हाताऱ्या वाटाड्यानें माझ्या बोटाची चिंधी पाहिली. कारण ऐकून त्यानें आपला तळहात पुढें केला. विळ्याच्या मुठीनें त्यावर पिवळट घट्टे पडले होते.

"फोड आला म्हनून इळा टाकला असता, मास्तर, तर भात कुनी कापलं असतं? रोज थोडं थोडं करायचं, कातडं शिकतं."

शरीरशास्त्र तरी निराळें काय सांगतें? घर्षण एकदम झालें तर फोड येतो. बेताबेतानें, पण नित्य झालें, तर कातडीच जाड होते. कष्टावांचून विद्या नाहीं, हें मीं वर्गांत कितीदां तरी सांगितलें असेल. माझ्या हाताला मात्र खडूखेरीज कशाचीच खूण नव्हती.

आतां रोज पंधरा मिनिटें बसतों. स्नानानंतर लगेच मात्र नाहीं, कारण ओली कातडी मऊ पडते. त्याचे घट्टे पोटासाठीं, माझा हौसेसाठीं, बरोबरी कसली! पण जकात दिल्यावांचून घाट चढतां येत नाहीं, एवढें मला कळलें आहे.