आभाराच्या यादीबाहेर

दरवर्षी मे महिन्यात आमच्या केंद्राचा वार्षिक अहवाल निघतो आणि त्यातलं आभाराचं पान माझ्या गळ्यात पडतं. देणगीदार, अधिष्ठाता, इमारत विभाग अशी उतरंड ठरलेली. लिफ्ट दुरुस्त केल्याबद्दल आभार मानणारं एक वाक्य कुणीतरी मसुद्यात घालतंच, आणि मी ते दरवर्षी खोडते. लिफ्ट कायद्याने चालूच हवी. ती चालते म्हणून आभार कसले? अपंग माणसाचं निम्मं आयुष्य नको तिथे ‘थँक्यू’ म्हणण्यात जातं. मग खरं देणं कुणाचं लागतो, हे आठवायला सवडच उरत नाही.

अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात मी अपंग संस्कृती केंद्र चालवते. केंद्र म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. परीक्षेला जादा वेळ, लेखनिक, ब्रेलमधली पुस्तकं हे सगळं बघणारं कार्यालय वेगळं. तिथे डॉक्टरांचे कागद लागतात. आमच्याकडे कागद लागत नाही. मुलं येतात, सोफ्यावर आडवी होतात, एकमेकांच्या व्हीलचेअरचं पंक्चर काढतात, कविता वाचतात, कडाकडा भांडतात. कोल्हापूरच्या आत्याला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे तालीम म्हण की!” इतकी नेमकी व्याख्या मला कुठल्याही समितीपुढे करता आलेली नाही.

केंद्र मंजूर करून घेताना आम्ही सिराक्यूज विद्यापीठाचा दाखला दिला होता. तिथे असं केंद्र 2011 मध्ये उभं राहिलं. पण या कामाची मुळं जुनी आहेत. 1948 मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या गेल्सबर्ग शाखेत, एका जुन्या लष्करी इस्पितळाच्या इमारतींत, टिम न्यूजंट यांनी अपंग विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम सुरू केला. पुढच्याच वर्षी ती शाखा बंद झाली. मुलं गाऱ्हाणं घेऊन स्प्रिंगफील्डला, राज्यपालांच्या दारात गेली. तिथे डाळ शिजली नाही, तेव्हा अर्बानाच्या मुख्य आवारात जाऊन त्यांनी पायऱ्यांवर लाकडी फळ्या टाकल्या आणि आपण वर्गात येऊ शकतो हे दाखवून दिलं. आज कुठल्याही रॅम्पवरून जाताना मला त्या फळ्या दिसतात.

दुसरं देणं 1977 सालचं. अपंगांना भेदभावापासून संरक्षण देणारं 504 क्रमांकाचं कलम 1973 मध्येच मंजूर झालं होतं, पण त्याचे नियम सरकार काढत नव्हतं. 5 एप्रिलला शंभराहून जास्त अपंग माणसं सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी कचेरीत शिरली आणि तिथेच राहिली. ज्युडी ह्यूमन, किटी कोन ही त्यातली ठळक नावं. फोन तोडले गेले, तेव्हा कर्णबधिर आंदोलक खिडकीशी उभे राहून हातांच्या खुणांनी बाहेर निरोप देऊ लागले. ब्लॅक पँथर पक्षाची माणसं रोज गरम जेवण आणून देत. त्यांचा कार्यकर्ता ब्रॅड लोमॅक्स स्वतः व्हीलचेअरवर त्या ठिय्यात होता. 28 एप्रिलला नियमांवर सही झाली. नव्या मुलांना मी सभेतल्या भाषणांआधी हे जेवण सांगते. चळवळीच्या इतिहासात स्वयंपाक करणाऱ्यांची नावं फारशी येत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे.

या लोकांपैकी कुणीही मला भेटलेलं नाही. भेटलेल्यांत सगळ्यात वरचं नाव मला ठाऊकच नाही.

पोलिओने माझा डावा पाय बारीक आणि आखूड राहिला. कॅलिपर मिरजेहून आला होता, पण त्याला जोडायच्या बुटाचा तळ वाढवून घ्यायला वडील मला कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत घेऊन गेले. वडील प्राथमिक शाळेत गुरुजी. दुकानदार, कंडक्टर, डॉक्टर, सगळे माझ्याबद्दल त्यांच्याशीच बोलत आणि मी समोरच्या भिंतीकडे बघत बसे. तिथल्या कारागिराने मात्र पुठ्ठा अंथरला, माझा पाय त्यावर ठेवून पेन्सिल फिरवली आणि विचारलं, “कुठं घासतंय?” वडील उत्तर द्यायला लागले, तर म्हणाला, “गुरुजी, जरा थांबा. पाय तिचा हाय.”

मी घोट्याच्या आतल्या हाडावर बोट ठेवलं. त्याने तिथे अंगठा दाबून पाहिला, पत्र्याच्या डब्यातून नमद्याचा तुकडा काढला, कातरला. मग जुना बूट उलटा करून त्याचा तळ वाचला. “चढाला पंजावर रेटतीस व्हय? टोक झिजलंय.” दया नव्हती की कौतुक नव्हतं; तो त्याच्या धंद्याचं बोलत होता. बूट घ्यायला गेलो तेव्हा त्याने पैसे पुरते घेतले, एक रुपया सोडला नाही. वडिलांना ते जरा लागलं. मला फार बरं वाटलं.

केंद्रात नवं कुणी आलं की ‘तुला काय झालंय’ असं कुणी विचारत नाही. कुठे अडतंय, काय लागेल, एवढंच. आमच्या विद्यार्थ्यांना वाटतं ही पद्धत मी एखाद्या परिषदेतून आणली असेल.

त्याच कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी 1984 मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. व्हीलचेअरवरून वसतिगृह, शाळा चालवणारी बाई ज्या गावात असते, त्या गावच्या पोरीला संचालकपद आपल्यासाठी नाही असं वाटत नाही. हे देणं सांगायला एवढी दोन वाक्यं पुरतात, म्हणून ते लहान नाही.

आता विद्यार्थ्यांचं. पहिल्याच बैठकीत एका कर्णबधिर मुलीने मला जागेवरून उठवलं होतं: खिडकीला पाठ केलीत तर तुमचा चेहरा काळा दिसतो, ओठ वाचता येत नाहीत. तेव्हापासून खुर्च्या गोलात आणि बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड. पण गेल्या हिवाळ्यात उजेडावरूनच रण पेटलं. एकाला ट्यूबलाइटच्या लुकलुकण्याने अर्धशिशी उठायची. दुसरीला दिसतंच कमी, तिला अंधूक खोलीत पाऊल टाकायची भीती. दोघांचंही खरं. मी मध्यस्थी करायला सरसावले, तर मुलांनी मला खोलीबाहेर जायला सांगितलं. संचालक समोर असल्या की सगळे शहाण्यासारखं बोलतात म्हणे. मी बाहेर गेले आणि कॉरिडॉरमध्ये ईमेल चाळत बसले.

आत आवाज चढले, उतरले, कुणीतरी हसलं. दार उघडलं तेव्हा ट्यूब बंद होत्या, कोपऱ्यात दोन उभे दिवे आले होते, वाटेच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवलेली होती आणि माझी खुर्ची दाराशी सरकली होती. तिथे वारा लागतो आणि डावा गुडघा ठणकतो. सोमवारच्या बैठकीत हा विषय मी मांडणार आहे. विषयपत्रिकेवर चौथा आहे.