हौशी गोल्फपटू आणि स्वस्त चेंडू
1848 च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये पिसे ठासून भरलेल्या महागड्या चामडी चेंडूऐवजी गटापर्चाचा, म्हणजे एका झाडाच्या वाळलेल्या चिकाचा, स्वस्त चेंडू आला. ओरखडे पडल्यावर तो नव्यापेक्षा चांगला उडतो, हे खेळणाऱ्यांच्या ध्यानी आले आणि आजच्या चेंडूवरील खळग्यांचे मूळ त्या ओरखड्यांत आहे, ही गोष्ट मनात रेंगाळत राहते. आजही हौशी खेळाडूला स्वस्त, रबरी गाभा आणि आयोनोमर या चिवट प्लास्टिकचे कवच असलेला दोन थरांचा चेंडू पुरतो. युरेथेनच्या मऊ कवचाचा महाग चेंडू छिद्राभोवतीच्या हिरवळीजवळ अधिक फिरकी घेतो खरा, परंतु तो तळ्यात हरवण्याची धास्ती असताना हात मोकळा फिरत नाही, आणि ही मोकळीक किमतीच्या हिशेबात कुठे मांडावी, हे ठरवणे अवघड आहे.