वनराजाचे बंधुबळ

वनराज एकटाच राज्य करितो, अशी आमची बाळपणापासूनची समजूत होती. टांझानियातील सेरेंगेटीच्या माळरानात १९६६ पासून झालेल्या निरीक्षणांची हकीकत वाचली आणि ती समजूत पार ढासळली. कळपाबाहेर पडलेले तरुण नर, पुष्कळदा सख्खे वा चुलत भाऊ, जूट करून राहतात. मिळून गर्जना करितात व हद्द राखितात. एकट्यास राज्य क्वचितच लाभते, आणि लाभले तरी फार काळ टिकत नाही. परक्या नरांनी त्यास हुसकाविले म्हणजे त्याचे लहान बछडेही बहुधा मारले जातात.

घराच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी आमचा वर्षभर अबोला होता. दोन्ही घरची मुले कानकोंडी झाली होती. दुसऱ्या दिवशी आम्हीच त्याच्या दारी गेलो. तो काही बोलला नाही. पाट मात्र मांडला.