सर्व्हर कोणाची वाट पाहतो?

परभाषेतील काही शब्द आपल्याकडे पाहुणे म्हणून येतात आणि घरचेच होऊन बसतात. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य त्यांपैकीच होय. सातबाऱ्याचा उतारा घ्यावयास आलेला शेतकरी, दाखल्यासाठी ताटकळलेला विद्यार्थी, पासबुक हाती धरून बसलेली आजीबाई, यांपैकी कोणासही त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. आता घरी परतावयाचे, एवढा अर्थ सर्वांस ठाऊक असतो. तथापि या एका वाक्याखाली दोन अगदी निराळी दुखणी दडलेली असतात. दूरच्या शहरातील सर्व्हर बंद पडला, तर त्यावर गावातील माणसाचा इलाज चालत नाही. परंतु कचेरीच्याच कोपऱ्यात ठेवलेला सर्व्हर सकाळी जागा होण्यास अर्धा-अर्धा तास घेऊ लागला, तर ते दुखणे घरचे. आणि त्याच्याविषयी जितका गैरसमज आहे तितका क्वचितच दुसऱ्या कशाविषयी असेल.

बीड जिल्ह्याच्या ११ तालुक्यांपैकी शिरूर कासार हा एक. सिंदफणेच्या काठचे हे गाव. भोवतालचा मुलूख बहुतांशी पावसाच्या भरवशावर जगणारा. बाजरी, कापूस, तूर ही येथील पिके; आणि दसरा उलटला की ऊसतोडीसाठी कितीतरी कुटुंबे घरास कुलूप घालून निघतात. मृगाच्या सुमारास बियाण्यासाठी, किंवा निघण्याच्या आदल्या दिवशी उधारी फेडण्यासाठी, चार पैसे वेळेवर हाती पडणे म्हणजे येथे काय, हे शहरातील वाचकांस सांगून कळेलच असे नाही.

येथील एका लहानशा पतपेढीत (तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) आमचे जाणे-येणे असे. सहा संगणक आणि एक सर्व्हर, एवढाच तिचा संसार. आगीच्या व विजेच्या भयाने सर्व्हर रोज सायंकाळी बंद करीत व सकाळी दहाला सुरू करीत. तो पुरता उठेपर्यंत साडेदहाकडे काटा झुके. तोवर दाराशी माणसे जमत. “सायेब, दोन पोती खताची राहू द्या, पण माझी गाडी निघून जाईल की वो!” असे एक म्हातारबाबा काकुळतीने म्हणाले, ते आमच्या कानांत अद्याप आहे. कारकून बिचारा काय करणार? पडद्यावर वर्तुळ फिरत असे, आणि गावात मात्र हा मनुष्य आळशी आहे, चहा घेतल्याशिवाय खिडकी उघडीत नाही, अशी त्याची ख्याती झाली होती. संचालकांच्या सभेतही ते शब्द निघाले व त्याची वार्षिक वेतनवाढ अडून राहिली.

उपाय सुचविणारे थोडे नव्हते. कोणी म्हणे यंत्र म्हातारे झाले. कोणी म्हणे व्हायरस शिरला. विक्रेत्याने तर नव्या सर्व्हरचे दरपत्रकच आणून ठेवले. विक्रेत्याच्या निदानात औषधाची किंमत आधी ठरते व रोग मागाहून, असे आमचे जुने मत आहे. पण ते असो.

त्या दिवाळीत आमचा पुतण्या छत्रपती संभाजीनगरहून आला होता. कचेऱ्यांची नेटवर्के सांभाळणे हाच त्याचा व्यवसाय. त्यास घेऊन आम्ही पतपेढीत गेलो. त्याने पेटी उघडली नाही, पेचकसही मागितला नाही. एक कोरा कागद मागितला. यंत्र सुरू करून कोणत्या टप्प्यास किती मिनिटे लागली, हे तो घड्याळ लावून लिहीत बसला. मध्येच त्याने सर्व्हरच्या दर्शनी भागावरील बारीक दिव्याकडे बोट दाखविले. डिस्कवर काम चालू असता हा दिवा लुकलुकतो. येथे तो मिनिटेच्या मिनिटे स्वस्थ होता. “काका, हे यंत्र मंद नाही,” तो म्हणाला, “हे कोणाची तरी वाट पाहत बसले आहे.”

या एका वाक्यात सारे निदान होते. नेटवर्कमधील प्रत्येक यंत्रास अंकांचा पत्ता असतो. नाव सांगताच तो पत्ता देणारी जी सेवा, ती डी.एन.एस. कर्मचारी कोण, कोणास कोणता अधिकार, याची वही राखणारी सेवा दुसरी; विंडोजच्या सर्व्हरांत तिला ॲक्टिव्ह डिरेक्टरी म्हणतात. आता मौज अशी की, डी.एन.एस. आपली नोंदवही बहुधा या डिरेक्टरीच्याच कपाटात ठेवते, आणि डिरेक्टरी आपले सोबती कोठे आहेत हे डी.एन.एस.लाच विचारते. नैयायिकांनी यास अन्योन्याश्रय म्हटले असते. दोन सर्व्हर असले म्हणजे ही गाठ सुटते, कारण एक उठत असता दुसरा जागा असतो.

पतपेढीतही पूर्वी दोन सर्व्हर होते. त्यांतील एक दोन वर्षांपूर्वी जळाला व भंगारात गेला. परंतु डिरेक्टरीतून त्याचे नाव कोणीच काढले नाही. जिवंत राहिलेला सर्व्हर प्रत्यही उठे, वडीलकीच्या रिवाजाप्रमाणे प्रथम आपल्या सोबत्याशी वही जुळवून पाहू म्हणे, आणि जो मुळी नाहीच त्याच्या उत्तरासाठी तिष्ठत बसे. पंगत बसली आहे, पाने वाढली आहेत, पण काकांचा पाट रिकामा म्हणून कोणी घास उचलीत नाही. आणि काका तर दोन वर्षांपूर्वीच वारले! यंत्राच्या दैनंदिनीत ही वाट पाहणे रोज नोंदले जात होते. विंडोज सर्व्हरमध्ये यासाठी ४०१३ या क्रमांकाची ठरीव नोंदच आहे: डी.एन.एस. सेवा डिरेक्टरीच्या पहिल्या जुळणीसाठी थांबली आहे, असा तिचा आशय. ती वही उघडून पाहावी असे मात्र कोणाच्या मनात आले नव्हते.

पुतण्याने मृत सर्व्हरचे नाव डिरेक्टरीतून रीतसर काढले. डी.एन.एस.साठी प्रथम विचारावयाचा पत्ताही त्या जुन्याचाच होता, तो पालटून सर्व्हरचा स्वतःचा दिला. तेथे इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा पत्ता घालण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे, ती त्याने निषिद्ध सांगितली. कारण बाहेरच्यास आपल्या घरातील नावे ठाऊक नसतात. दुसऱ्या दिवशी सर्व्हर ४ मिनिटांत उठला. पैशाने खर्च झाला तो एका कागदाचा.

हा रोग विंडोजचाच आहे असे वाचकांनी समजू नये. लिनक्सच्या सर्व्हरवर काढून टाकलेल्या डिस्कचे नाव यादीत राहिले, तर तो तिच्यासाठी सामान्यतः ९० सेकंद थांबतो. नेटवर्क न मिळाल्यास पुष्कळदा पुरी २ मिनिटे. स्विचचीही एक खोड आहे. केबलींचे वर्तुळ तर झाले नाही ना, हे पाहण्यासाठी जुन्या पद्धतीचा स्विच नव्या जोडणीस सुमारे ३० सेकंद रोखून धरतो. म्हणून वीज गेली-आली की आधी स्विच, मग सर्व्हर, आणि तो उठल्यावर माणसांचे संगणक, हा क्रम पाळावा. आमच्याकडे वीज केव्हा जाईल हे पंचांगातही सापडत नाही. तेव्हा हा क्रम भिंतीवर लिहून ठेवलेलाच बरा.

पतपेढीत तो लिहिलेला आहे. त्याखाली कारकून रोज उठण्याची मिनिटे मांडतो. गेल्या आषाढात रात्रभर वीज नव्हती. सकाळी यंत्र एका काळ्या पडद्यावर अडले, तेव्हा त्याने कोणास बोलाविले नाही. पडद्यावरील ओळ वाचली. घड्याळ चालते ठेवणारा बटणाएवढा सेल संपला होता आणि यंत्र केवळ एक कळ दाबली जाण्याची वाट पाहत होते. त्याने कळ दाबली, वेळ नीट लावली, दुपारी घड्याळवाल्याकडून नवा सेल आणून बसविला, आणि कागदावर त्या दिवशीचा आकडा लिहिला: ९. अडलेली वेतनवाढ त्यास मागील तारखेपासून मिळाली, असे मागाहून कळले.