लाइट गेली की आमच्या घरी काय होतं



12 ऑक्टोबर 2020. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली होती, आठवतंय? तेव्हा लोकलमध्ये अडकलेल्यांचे फोटो सगळ्यांनी टाकले. आम्ही शीव कोळीवाड्यात घरात लेकीला झोपू द्यायचं नाही म्हणून गाणी म्हणत बसलो होतो. मशीनची बॅटरी रात्रीसाठी राखून ठेवायची होती.

लेक तेव्हा तीन वर्षांची. तिला सीसीएचएस नावाचा जन्मजात, दुर्मिळ आजार आहे. जागी असली की खेळते, भांडते. झोप लागली की मेंदूकडून श्वासाचा हुकूमच नीट सुटत नाही. आपल्यासारखं गुदमरून जागही येत नाही. म्हणून रोज रात्री गळ्यातल्या नळीला व्हेंटिलेटर.

आता डॉक्टरांनी डायफ्राम पेसिंगचा विषय काढलाय. श्वासपटलाकडे जाणाऱ्या दोन नसांवर ऑपरेशन करून इलेक्ट्रोड बसवतात, कातडीखाली रिसीव्हर. बाहेरच्या बॅटरीवरच्या डबीतून सिग्नल गेला की श्वासपटल खाली ओढलं जातं आणि हवा आत येते. अमेरिकेत येल विद्यापीठाचे डॉ. विल्यम ग्लेन यांनी 1960 च्या दशकात यावर काम केलं. म्हणजे हा काही कालचा प्रयोग नाही.

ऐकून बायको रडलीच. गावी राहायला जाता येईल!

मग पुढचं कळलं. ही डबी फक्त श्वासपटल ओढते. झोपेत घसा मिटला तर हवा अडते, त्यामुळे गळ्यातली नळी कदाचित राहीलच. व्हेंटिलेटर घरात ठेवायचाच. बोटाला ऑक्सिमीटर हवाच. खर्च लाखांत.

लेकीने विचारलं, "पप्पा, डबी बसवली की तू रात्री झोपशील ना?"

नाही बाळा. कोणीतरी जागं लागणारच.

ऑपरेशनचं आम्ही बघू, डॉक्टरांशी बोलून ठरवू. पण एक काम आमच्या एकट्याच्या हातातलं नाही. आपल्या एफ उत्तर वॉर्डात किती घरांत श्वासाची मशीन चालते, याची यादी पालिकेने करावी. वीज बंद ठेवायची असेल तर त्या घरांना आदल्या दिवशी फोन जावा. गांधी मार्केटला पाणी तुंबलं असताना कुठल्या रस्त्याने न्यायचं, हे आधी ठरलेलं असावं. बॅटरी बॅकअपसाठी मदत मिळावी.

मत मागायला येतील त्यांना हे विचारा. आणि तुमच्या गल्लीत असं घर असेल तर कमेंटमध्ये पत्ता टाकू नका, मला मेसेज करा. यादी आपणच सुरू करू.