काळ्या रानावरची हवा

लातूरचा माणूस आभाळाकडे बघतो तो ढगासाठी. 2016 च्या एप्रिलात ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे निरभ्र आभाळाचं कौतुक कोण करणार? मीही कधी केलं नव्हतं. ग्लायडर बांधायला घेतलं, तेव्हा कोरड्या आभाळातही पुष्कळ काही चाललेलं असतं हे कळलं.

किट साधंच. बाल्साच्या पट्ट्या, फासळ्यांचे छापील तक्ते आणि एक आराखडा. आराखडा पाटावर पसरायचा, त्यावर प्लास्टिक घालायचं आणि एकेक फासळी टाचण्यांनी उभी करायची. सांगाडा डिंकाने जुळला की पॉलिश पेपरने घासायचा, मग टिश्यू कागद चढवायचा. यापुढचं काम मला सगळ्यात प्रिय. सुरकुतलेल्या कागदावर पाण्याचा बारीक फवारा मारला की तो आधी आणखीच लुळा पडतो आणि वाळता वाळता असा ताणतो, की टिचकी मारली तर हलगीसारखा बोलतो. आपल्या उन्हात हे वाळणं फार झपाट्याने होतं. म्हणून पंख पाटाला टाचूनच ठेवायचा. पिरगळला तर ग्लायडर एका कुशीवर कलतं.

नांदेडहून सुट्टीला आलेल्या भाच्याने विचारलं, "मामा, याचं इंजिन कुठंय?"

इंजिन म्हणजे त्याचं वजनच. खाली येता येता त्याला वेग मिळतो आणि त्या वेगावर पंख उचल धरतात. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण तिसऱ्या हिश्श्यावर ते दोन बोटांवर तोललं पाहिजे. त्यासाठी नाकात शिशाचे छर्रे भरायचे. ते कमी पडले, की ग्लायडर मान वर काढतं, थबकतं आणि नाकावर येतं. जर्मनीचा ओटो लिलिएंथाल स्वतःचं शरीर झुकवून हाच तोल सांभाळायचा. स्वतः बांधलेली ग्लायडर त्याने इतरांना विकलीही. 1896 मध्ये त्याचं ग्लायडर असंच हवेत थबकलं, कोसळलं आणि त्यातच तो गेला. छर्रे मोजताना मला तो आठवतो.

घरी विमान बांधणाऱ्याला लोक नादिष्ट म्हणतात. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं. 2016 मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. नोंदणी मिळायला 2017 उजाडलं. एवढी चिकाटी धरणाऱ्याला नादिष्ट म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

उडवायला आम्ही अहमदपूरच्या बाजूला गेलो. नांगरलेलं काळं रान शेजारच्या हिरव्या उसापेक्षा कितीतरी जास्त तापतं. त्यावरची हवा हलकी होऊन वर चढते, आणि घारी पंख न हलवता तिच्यावर घिरट्या घालतात. इतकी वर्षं त्या डोक्यावर होत्या! ज्या उन्हाला आपण शिव्या घालतो, त्याच्याच जोरावर त्या तरंगत होत्या.

लांब दोरीने ग्लायडर ओढत भाचा ढेकळांतून धावला. ते माथ्यावर येताच दोरी सुटली. आणि ते उतरेना. यासाठी शेपटीला एक युक्ती असते: ठरलेल्या वेळाने मागचा आडवा पंख वर उचलला जातो आणि ग्लायडर वरच्या हवेतूनही खाली येतं. पूर्वी त्यासाठी जळती वात लावत, आता छोटा टायमर असतो. तो नसता तर आमचं ग्लायडर उसाच्या पलीकडे केव्हाच दिसेनासं झालं असतं.

भाचा दुसरं किट मागवू म्हणतो. मी म्हटलं, किट नको, या खेपेला फासळ्या आपणच कापू. बाल्सा तेवढा मागवायचा.